रिकाम्या डबीचा जन्मदाखला

जत्रेत फुगे फोडण्याचे दुकान तुम्ही पाहिले असेलच. फळीवर रंगीबेरंगी फुगे टांगलेले असतात. दुकानदार बंदुकीची नळी मोडून तीत एक छर्रा बसवतो आणि बंदूक आपल्या हाती देतो. आपण नेम धरतो, चाप ओढतो. फट्! फुगा फुटला तर आनंद, नाही तर पुन्हा पैसे. या सगळ्या गडबडीत दुकानदाराच्या हाताशी असलेल्या छऱ्यांच्या डबीकडे मात्र कोणी पाहत नाही. छर्रे संपले की ती डबी कचऱ्यात जाते.

आज आपण त्या टाकाऊ डबीविषयीच बोलणार आहोत. हवेच्या बंदुका ज्या देशांत मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या, त्या ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिका या देशांत अशा डब्या हौसेने जमवणारे लोक आहेत. ते केवळ बंदुका जमवत नाहीत. छऱ्यांच्या डब्या, वंगणाच्या बाटल्या, चामड्याच्या चकत्या, नेमबाजीचे कागदी पुठ्ठे, जुनी सूचिपत्रे, बिल्ले अशा बारीकसारीक वस्तूही ते जपून ठेवतात. ‘हा कसला छंद?’ असे तुम्हाला वाटेल. पण या छंदात इतिहास आहे, तर्कशास्त्र आहे आणि बरेचसे रसायनशास्त्रही आहे. रसायनशास्त्र ठाऊक नसेल, तर वर्षानुवर्षे जमवलेला ठेवा बंद कपाटात आपोआप पांढऱ्या भुकटीत बदलू शकतो. तो कसा, हे आपण पुढे पाहणारच आहोत.

बंदूक आणि तिचे सामान

प्रथम ही बंदूक कशी चालते ते थोडक्यात पाहू. सायकलला हवा भरण्याचा पंप तुम्ही वापरला असेल. त्याच्या तोंडावर बोट धरून दट्ट्या जोराने दाबला, तर आतील हवा बोटाला बाहेर ढकलते. जत्रेतील बंदुकीतही असाच एक दट्ट्या असतो. नळी मोडताना आपण आतील भक्कम स्प्रिंग दाबून अडकवून ठेवतो. चाप ओढताच स्प्रिंग सुटते, दट्ट्या वेगाने पुढे जातो, समोरची हवा दाबली जाते आणि ती हवा छऱ्याला नळीतून बाहेर फेकते.

दट्ट्याच्या कडेने हवा निसटून गेली तर सगळे श्रम वाया जातील. म्हणून जुन्या बंदुकांत दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याची टोपी किंवा चकती बसवत. चामडे कोरडे पडले की आक्रसते आणि हवा निसटू लागते. म्हणून वंगणाची छोटी बाटली बंदुकीच्या सोबत आली. पण वंगण जास्त झाले तरी पंचाईत! हवा एकाएकी दाबली गेली की ती तापते. सायकलचा पंप भराभर मारल्यावर त्याचे टोक गरम लागते, त्याचे एक मोठे कारण हेच. बंदुकीत ही हवा इतकी तापू शकते की तेलाची वाफ पेट घेते. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालते. म्हणून बंदुकीला तेल थेंबांनी मोजून द्यावे लागते. पाहा, तेलाच्या एका बाटलीमागेही केवढे विज्ञान दडलेले आहे!

डबीचे वय कसे ठरवावे?

समजा, एखाद्या संग्राहकाला जुन्या सामानात छऱ्यांची एक डबी मिळाली. तिच्यावर साल छापलेले नाही. मग तिचे वय कसे कळणार? येथे संग्राहक गुप्तहेर बनतो. डबीवरील प्रत्येक शब्द हा त्याचा साक्षीदार असतो.

पहिला साक्षीदार म्हणजे पत्ता. अमेरिकेतील ‘डेझी’ कंपनीचे उदाहरण घेऊ. या कंपनीचा जन्म मोठा मजेदार आहे. मिशिगन राज्यातील प्लिमथ या गावी १८८२ साली लोखंडी पवनचक्क्या करणारी एक कंपनी निघाली. १८८६ साली क्लॅरेन्स हॅमिल्टन यांनी तेथे संपूर्ण धातूची एक हवेची बंदूक आणून दाखवली. कंपनीचे व्यवस्थापक लुइस हफ यांनी ती चालवून पाहिली आणि ते खूष झाले. त्या काळच्या अमेरिकी बोलीत झकास वस्तूला ‘डेझी’ म्हणत. हफ यांच्या तोंडून तोच शब्द निघाला आणि तेच बंदुकीचे नाव पडले. पवनचक्की विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला ही बंदूक भेट म्हणून देत. थोड्याच दिवसांत पवनचक्कीपेक्षा बंदुकीलाच मागणी वाढली आणि १८९५ साली कंपनीने स्वतःचे नावही ‘डेझी’ करून टाकले. पुढे १९५८ साली हा कारखाना प्लिमथ सोडून आर्कान्सा राज्यातील रॉजर्स या गावी गेला. तेथे आज डेझीच्या बंदुकांचे संग्रहालयही आहे.

आता सांगा, डबीवर ‘रॉजर्स, आर्कान्सा’ असे छापले असेल तर ती केव्हाची? अर्थातच १९५८ च्या आधीची नाही. त्याच पत्त्यापुढे पाच आकडी पोस्टाचा क्रमांक असेल तर? अमेरिकेत असे क्रमांक १ जुलै १९६३ रोजी सुरू झाले. म्हणजे ती डबी १९६३ च्याही आधीची नाही. पत्त्यातील पाच आकड्यांनी पाच वर्षांचा गुंता सोडवला!

दुसरा साक्षीदार म्हणजे किंमत. ब्रिटनमध्ये १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड असे. त्या दिवसापासून १०० पेन्सचा पौंड झाला. डबीवर ‘२/६’ अशी चिठ्ठी असेल, तर तिचा अर्थ दोन शिलिंग सहा पेन्स, म्हणजे ३० जुने पेन्स. नव्या हिशेबात हे साडेबारा पेन्स होतात. अशी चिठ्ठी असलेली डबी बहुधा १९७१ पूर्वी विकायला ठेवलेली असणार.

तिसरा साक्षीदार म्हणजे देशाचे नाव. ‘पश्चिम जर्मनीत तयार झालेले’ असे शब्द दिसले, की ती डबी १९४९ नंतरची ठरते. कारण ते राष्ट्र त्या साली अस्तित्वात आले. १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि हे नाव इतिहासजमा झाले. पत्त्यात चार आकडी क्रमांक असेल तर डबी १९६१ नंतरची. पाच आकडी असेल तर १९९३ नंतरची.

चौथा साक्षीदार म्हणजे एकस्वाचा, म्हणजेच पेटंटचा क्रमांक. अमेरिकेत दहा लाखावे पेटंट १९११ साली, वीस लाखावे १९३५ साली आणि तीस लाखावे १९६१ साली दिले गेले. तेव्हा एखाद्या वस्तूवरील क्रमांक एकवीस लाखांच्या घरात असेल, तर ती १९३५ पूर्वीची असूच शकत नाही.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवा. ‘अमुक सालाच्या आधीची नाही’ हे विधान पक्के असते. जो क्रमांक अजून जन्मलाच नाही, तो डबीवर छापणार कसा? पण ‘अमुक सालाच्या नंतरची नाही’ हे विधान तितके पक्के नसते. कारखाना दुसऱ्या गावी गेला तरी जुनी छापील वेष्टने संपेपर्यंत वापरली जातात. आपणही घर बदलल्यावर जुन्या पत्त्याची पाकिटे लगेच फेकून देत नाही, तसेच हे. पुराणवस्तूंचे अभ्यासक उत्खननात सापडलेल्या नाण्यावरून त्या थराचा काळ ठरवतात, तेव्हा ते हाच तर्क वापरतात. ज्या थरात नाणे सापडले, तो थर त्या नाण्याच्या आधीचा असू शकत नाही. मात्र नाणे पाडल्यानंतर ते किती वर्षे चलनात राहिले, हे नाणे सांगत नाही.

नावावर भिस्त ठेवूनही फसगत होते. ‘डायना’ हे जर्मनीतील रास्टाट गावच्या एका जुन्या कंपनीचे बोधनाम. तिच्या चिन्हात शिकारीची देवता डायना धनुष्यबाण टाकून हवेची बंदूक उंचावताना दाखवली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हे नाव आणि यंत्रसामग्री स्कॉटलंडमधील ‘मिलब्रो’ या कंपनीकडे गेली. त्यामुळे कित्येक वर्षे ब्रिटनमध्ये विकला जाणारा ‘डायना’ माल स्कॉटलंडचा होता आणि मूळ जर्मन कंपनी तेथे आपला माल ‘ओरिजिनल’ या नावाने विकत होती. म्हणून एका साक्षीदारावर निकाल देऊ नये. नाव, पत्ता, किंमत आणि क्रमांक या सर्वांची साक्ष जुळली पाहिजे.

डमरूच्या आकाराचा छर्रा

आता डबी उघडू या. आत काय आहे? अमेरिकी डबीत बहुधा पोलादाच्या गोल गोळ्या असतील. ब्रिटिश किंवा जर्मन डबीत मात्र शिशाचे छर्रे असतील आणि त्यांचा आकार थेट आपल्या डमरूसारखा असेल. दोन्ही टोकांना रुंद, मध्ये कमरेत बारीक. युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभी दोरीवर फिरवण्याचे एक खेळणे फार लोकप्रिय होते. त्याला ‘डायाबोलो’ म्हणत. त्याचा आकारही असाच. त्यावरून या छऱ्यांना तेच नाव मिळाले.

हा आकार शोभेसाठी नाही. छऱ्याचे डोके भरीव आणि शेपटीची बाजू पोकळ, पातळ असते. मागून हवेचा दाब आला की शिशाची ही मऊ कड फुगते, नळीला घट्ट बसते आणि हवा निसटू देत नाही. नळीबाहेर पडल्यावर छऱ्याचे वजन पुढे आणि हवेचा विरोध मागे, असे होते. बॅडमिंटनचे फूल कसेही मारले तरी बूच पुढे आणि पिसे मागे करूनच जाते ना? तोच हा न्याय.

जुन्या ब्रिटिश डब्यांवर ‘नं. १ बोअर’ किंवा ‘नं. २ बोअर’ असे लिहिलेले आढळते. नं. १ म्हणजे ०.१७७ इंच. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हा गुणाकार करून पाहा. उत्तर जवळजवळ ४.५ मिलिमीटर येईल. आज ऑलिंपिकमधील १० मीटर एअर रायफल स्पर्धेत हाच आकार चालतो. ही स्पर्धा ऑलिंपिकमध्ये १९८४ साली सुरू झाली आणि २००८ साली बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक याच प्रकारात मिळवले.

बोअरचे हे क्रमांक वापरणाऱ्यांत एक नाव आपल्या परिचयाचे आहे. ते म्हणजे ‘बीएसए’. आपण ते सायकलींमुळे ओळखतो. पण बीएसए म्हणजे ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’. ही कंपनी १८६१ साली शस्त्रे तयार करण्यासाठीच स्थापन झाली आणि एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका हे तिचे चिन्ह आहे. बर्मिंगहॅमचे बंदूक कारागीर लिंकन जेफ्रीज यांनी १९०४ साली घेतलेल्या पेटंटावरून या कंपनीने आपल्या नावाजलेल्या हवेच्या रायफली तयार केल्या.

इंग्लंडच्या काही भागांत संध्याकाळी मद्यगृहांत जमणाऱ्या मंडळींच्या नेमबाजीच्या स्पर्धा चालत. त्यासाठी लोखंडी पत्र्याचे लक्ष्य असे. मध्ये जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाचे भोक आणि त्याच्या मागे घंटा. छर्रा नेमका भोकातून गेला की घंटा वाजे. पत्र्याला पांढरा रंग फासलेला असल्यामुळे हुकलेल्या छऱ्याचा डागही लगेच दिसे. अशी जुनी घंटालक्ष्ये आज संग्राहकांना फार मोलाची वाटतात.

कपाटच शत्रू झाले

आता आपण मुख्य धोक्याकडे वळू. संग्राहकाने डबी मिळवली, तिचे वय ठरवले आणि ओकच्या लाकडाच्या सुंदर कपाटात ठेवून दार घट्ट लावले. धूळ नाही, ऊन नाही, पाऊस नाही. काही वर्षांनी डबी उघडून पाहतो तो काय! छऱ्यांवर पांढरी बुरशीसारखी भुकटी चढलेली आणि त्यांची नाजूक कड झडून गेलेली.

ही बुरशी नव्हे. हे आहे शिशाचे क्षारकीय कार्बोनेट. हे घडले कसे? लाकडातून, विशेषतः ओकच्या लाकडातून, ॲसेटिक अम्लाची वाफ सतत सूक्ष्म प्रमाणात बाहेर पडत असते. हे तेच अम्ल, जे व्हिनेगारमध्ये असते. पुठ्ठा, प्लायवुडचा डिंक आणि काही रंग यांतूनही अशा वाफा येतात. उघड्या हवेत त्या विरून जातात. बंद कपाटात मात्र त्या साठतात. अम्लाची वाफ आणि दमट हवा यांच्यामुळे शिशाचे ॲसेटेट बनते. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड त्याचे कार्बोनेट करतो आणि ॲसेटिक अम्ल पुन्हा मोकळे होऊन पुढच्या शिशावर तुटून पडते. म्हणून अगदी थोडे अम्लही पुष्कळ नुकसान करते.

गंमत अशी, की माणूस हीच क्रिया शेकडो वर्षे मुद्दाम घडवून आणत होता. चित्रकारांना लागणारा पांढरा रंग, म्हणजे सफेदा, तयार करण्यासाठी मातीच्या भांड्यांत तळाशी व्हिनेगार आणि वर शिशाच्या गुंडाळ्या ठेवत. ती भांडी घोड्याच्या लिदीत पुरत. लिदीतून ऊब आणि कार्बन डाय-ऑक्साइड मिळे. काही महिन्यांत शिसे पांढरे होई. ही ‘डच रीत’ म्हणून प्रसिद्ध आहे. संग्राहकाचे ओकचे कपाट म्हणजे सफेद्याचा एक मंदगतीचा कारखानाच!

हे संकट केवळ हौशी लोकांवर येते असे नाही. मोठमोठ्या संग्रहालयांतील शिशाच्या वस्तूंचेही असेच नुकसान झाले आहे. त्यावर उपाय म्हणून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली एक सोपी कसोटी सुचवली. वस्तूंसाठी जे लाकूड, कापड किंवा रंग वापरायचा, त्याचा तुकडा थोड्या पाण्याबरोबर काचेच्या बंद भांड्यात ठेवतात. त्यातच चांदी, तांबे आणि शिसे यांच्या घासून स्वच्छ केलेल्या पट्ट्या ठेवतात. भांडे ६० अंश सेल्सिअस तापमानाला २८ दिवस ठेवायचे. चांदी काळवंडली तर गंधकाची वाफ आहे असे समजावे. शिसे पांढरे पडले तर अम्लाची. पट्ट्या स्वच्छ राहिल्या तरच तो माल वापरायचा. ‘ऑडी कसोटी’ जगभरच्या संग्रहालयांत वापरली जाते.

मग डबीची सीलबंद चिठ्ठी न फोडता आतील छर्रे सुरक्षित आहेत की नाहीत, हे कळेल का? एक युक्ती आहे. शिशाचे असे कार्बोनेट होताना त्यात बाहेरचा ऑक्सिजन, पाणी आणि कार्बन डाय-ऑक्साइड यांची भर पडते. हिशेब केला तर १०० ग्रॅम शिशापासून सुमारे १२५ ग्रॅम पांढरी भुकटी होते. म्हणजे डबीचे वजन वाढत जाईल! दरवर्षी नाजूक तराजूवर वजन करून नोंद ठेवली, तर बंद डबीही आपली प्रकृती सांगू शकते. मात्र कागदी वेष्टन पावसाळ्यात ओलावा शोषते, त्यामुळे वजन नेहमी एकाच ऋतूत करायला हवे.

डबीच्या पत्र्याचेही दुखणे वेगळे. हा पत्रा म्हणजे कथिलाचा पातळ मुलामा दिलेले लोखंड. मुलामा अखंड आहे तोवर लोखंड सुरक्षित. पण ओरखडा गेला की हवा आणि ओलावा आत शिरतात, आणि कथिलापेक्षा लोखंड अधिक क्रियाशील असल्यामुळे तेच आधी गंजू लागते. म्हणून जुनी डबी घासून चकचकीत करणे ही मोठी चूक आहे. घासण्याने मुलामाही जातो आणि ज्या अक्षरांवरून वय कळायचे, ती अक्षरेही जातात.

छर्रे काचेच्या किंवा पॉलिथिनच्या स्वच्छ डबीत, डबी कोरड्या जागी, आणि दोन्ही लाकडापासून दूर ठेवणे हा शहाणपणाचा मार्ग होय.

करून पाहा

शिसे विषारी आहे. त्याची पांढरी भुकटी तर अधिकच घातक. ती पोटात गेल्यास मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. म्हणून शिशाचे प्रयोग घरी करू नका आणि जुने छर्रे हाताळूच नका. चुकून हात लागला तर साबणाने स्वच्छ धुवा. आपण लोखंडाच्या खिळ्यांवर प्रयोग करू.

झाकणाच्या तीन सारख्या बरण्या घ्या. पहिली कोरडी ठेवा. दुसरीत पाण्याने भिजवलेला कापसाचा बोळा आणि तिसरीत व्हिनेगारने भिजवलेला बोळा ठेवा. प्रत्येक बरणीत घासून स्वच्छ केलेला एकेक खिळा दोऱ्याने असा टांगा, की तो बोळ्याला किंवा काचेला लागणार नाही. झाकणे लावा आणि दररोज निरीक्षण करून आठ दिवस नोंद करा. व्हिनेगारचा थेंबही न लागता तिसऱ्या बरणीतील खिळ्याचे काय झाले ते पाहा. मग कपाटातील छऱ्यांचे काय झाले असेल, हे सांगावे लागणार नाही.

तुमच्या घरातील डबी

छऱ्यांची डबी तुमच्याकडे नसेल. पण आजीच्या फडताळात एखादी जुनी बिस्किटांची, चहाची किंवा औषधाची डबी नक्कीच असेल. तीही बोलेल, फक्त तुम्हाला आपल्या देशातील साक्षीदार ठाऊक हवेत. किंमत ‘आण्यां’त असेल तर डबी बहुधा १९५७ च्या आसपासची किंवा त्याआधीची, कारण १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. किंमत ‘नव्या पैशां’त असेल तर ती १९५७ च्या आधीची नाही, आणि बहुधा १९६४ च्या फार नंतरचीही नाही, कारण त्या साली ‘नवे’ हा शब्द गळाला. पत्त्यात ‘महाराष्ट्र राज्य’ असेल तर १ मे १९६० नंतरची. सहा आकडी पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची.

डबी हाती आली की ती घासू नका. आधी भिंग घ्या, वही घ्या आणि तिची जबानी लिहून काढा.

विचार करा

१. एका डबीवर ‘मुंबई ४’ असा पत्ता आहे आणि किंमत ‘७५ नवे पैसे’ अशी आहे. तिच्या वयाविषयी कोणते विधान पक्के आणि कोणते कच्चे?

२. लोखंडावर कथिलाऐवजी जस्ताचा मुलामा दिला आणि त्यावर ओरखडा गेला, तर आधी कोणता धातू झिजेल? का?